सामाजिक भयाच्या रुग्णांसाठी मोबाईल ॲप : एका उपक्रमामागील विचार

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांची माहिती असते, व ती असावयासच हवी. यंदा त्यासोबत आम्ही अशा एका उपक्रमाची माहिती देत आहोत, ज्यासाठी नवी इमारत उभारावी लागली नाही की परदेशातून यंत्र मागवावे लागले नाही. सामाजिक भयाचा विकार असलेल्या रुग्णांसाठी मोबाईलवर चालणारे एक मराठी ॲप तयार करण्याचे काम मानसोपचार विभागाच्या सूचनेवरून विश्वस्त मंडळाने हाती घेतले आहे. त्याचा आराखडा पूर्ण झाला असून आगामी वर्षात विभागातील डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजक्या रुग्णांसमवेत त्याची चाचणी सुरू होईल.

हे काम सुरू झाल्यापासून आमच्या हितचिंतकांनी दोन प्रश्न वारंवार विचारले. धर्मादाय रुग्णालयाने ॲपच्या मागे का लागावे, हा पहिला. आणि अशा कामावर दिलेला पैसा नेमका कोठे जातो, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विकार कोणता?

आपल्या भाषेत बुजरा, लाजाळू, मुखदुर्बळ असे शब्द फार पूर्वीपासून आहेत, आणि चार माणसांत न डगमगता बोलणाऱ्याला आपण कौतुकाने सभाधीट म्हणतो. लाजाळूपणा हा स्वभाव आहे, आजार नव्हे. पण काही व्यक्तींच्या बाबतीत लोक आपल्याकडे पाहतील, आपल्याला हसतील, आपण मूर्ख ठरू, ही भीती इतकी वाढते की शिक्षण, नोकरी, विवाह आणि साधे दैनंदिन व्यवहारही तिच्यामुळे अडतात. ही स्थिती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली आणि तिने जगण्याची वाट अडवली, तर तिला विकार मानले जाते.

लंडनमधील आयझॅक मार्क्स व मायकेल गेल्डर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६६ साली हे भय इतर प्रकारच्या भयांपासून वेगळे करून दाखविले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या विकारांच्या वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. हा विकार बहुधा कुमारवयात सुरू होतो आणि उपचार न झाल्यास वर्षानुवर्षे राहतो. पुढे त्याच्या जोडीला नैराश्य येऊ शकते; काही जण चारचौघांत धीर यावा म्हणून मद्याचा आधार घेऊ लागतात.

आमच्याकडे येणारा रुग्ण 'मला सामाजिक भय आहे' असे सांगत नाही. छातीत धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, वाचा बसते, अशी त्याची तक्रार असते. त्यामुळे तो प्रथम मेडिसिन विभागात जातो. तेथे हृदयाचा आलेख काढला जातो, तो नीट येतो आणि 'तुम्हांला काही झालेले नाही' असे ऐकून तो घरी परततो. ज्या प्रसंगांची त्याला भीती वाटते ते इतरांना क्षुल्लक वाटतात. बँकेत कारकुनासमोर सही करणे, वर्गात हजेरीला 'हजर' म्हणणे, अनोळखी माणसाचा फोन उचलणे, पंगतीत सर्वांदेखत जेवणे, हळदीकुंकवाला उखाणा घेणे, असे ते प्रसंग. मराठी माध्यमातून महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना तर इंग्रजीत विचारलेल्या एका प्रश्नाच्या धास्तीने वर्ग नकोसा होतो.

उपचारांच्या दारातच अडचण

इतर आजारांचा रुग्ण आजारामुळे रुग्णालयात येतो. हा रुग्ण आजारामुळेच येत नाही. बाह्यरुग्ण विभागात यावयाचे म्हणजे रांगेत उभे राहणे, केसपेपरच्या खिडकीवर मोठ्याने नाव व तक्रार सांगणे, प्रतीक्षागृहात ओळखीचे कोणी भेटेल या धाकात बसणे आणि शेवटी एका अनोळखी डॉक्टरांसमोर बोलणे. ज्या गोष्टींची भीती, त्याच सर्व गोष्टी उपचारापूर्वी पार पाडाव्या लागतात.

बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. नैराश्य व चिंतेचे विकार ज्यांत मोडतात, त्या सर्वसामान्य मानसिक विकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे त्यात आढळले. तज्ज्ञांची कमतरता, खर्च, अंतर आणि लोकलज्जा ही त्याची कारणे सर्वत्र सांगितली जातात. सामाजिक भयाच्या बाबतीत त्यांत खुद्द आजाराची भर पडते. म्हणून उपचारांचा पहिला भाग रुग्णाच्या घरापर्यंत, त्याच्या हातातील फोनपर्यंत नेता येईल काय, असा विचार सुरू झाला.

उपचाराचे तत्त्व

या विकारावर औषधे उपलब्ध आहेत व डॉक्टर आवश्यकतेनुसार ती देतात. त्याखेरीज विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारी मानसोपचार पद्धती यात विशेष उपयोगी ठरली आहे. या पद्धतीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस स्वतः तरुणपणी अत्यंत बुजरे होते. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधील एका वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलण्याचा निश्चय केला आणि महिन्याभरात सुमारे शंभर जणींशी संभाषण केले. त्यातून ओळख वाढली नाही, पण कोणी आरडाओरडा केला नाही की पोलिसांना बोलावले नाही. त्यांची भीती मात्र ओसरली. एलिस यांचे विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे काम मुंबईचे मानसशास्त्रज्ञ डॉ. कि. मो. फडके यांनी निष्ठेने केले.

ब्रिटनमधील डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली हे भय वर्षानुवर्षे का टिकते याची मांडणी केली. रुग्णाचे सर्व लक्ष समोरच्या माणसाऐवजी स्वतःकडे लागलेले असते: आपला आवाज कसा येतो आहे, हात थरथरतो आहे काय. मग तो बचावाचे उपाय योजतो. मान खाली घालतो, वाक्य मनात दहा वेळा घोळवतो, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतो. प्रसंग निभावून जातो, पण मन म्हणते, 'मान खाली घातली म्हणून वाचलो.' भीती खोटी होती हे कळण्याची संधी हुकते. घरी गेल्यावर त्याच प्रसंगाची उजळणी रात्रभर चालते.

आम्ही हिशेबाच्या क्षेत्रातील माणसे. आम्हांस हे तत्त्व अंदाजपत्रकाच्या उदाहरणाने समजले. अंदाज एका रकान्यात आणि प्रत्यक्ष खर्च शेजारच्या रकान्यात मांडला नाही, तर चुकीचा अंदाज पुढील वर्षीही तसाच राहतो. सामाजिक भयाचा रुग्ण आयुष्यभर अंदाज मांडत असतो. 'प्रत्यक्ष'चा रकाना मात्र कोराच राहतो. तो भरावयास लावणे, हे उपचाराचे काम.

ॲपमध्ये काय आहे?

ॲपचा गाभा म्हणजे एक शिडी. रुग्ण आपल्या समुपदेशकासमवेत त्याला अवघड वाटणारे प्रसंग लिहून काढतो आणि प्रत्येकास ० ते १०० या मापावर भीतीचा आकडा देतो. सर्वांत सोपा प्रसंग तळाशी, सर्वांत अवघड माथ्याशी. एखाद्याची शिडी अशी असू शकेल : किराणा दुकानात वस्तूचा भाव विचारणे, एस.टी. स्थानकाच्या चौकशी खिडकीवर गाडीची वेळ विचारणे. कंडक्टरकडे राहिलेले सुटे पैसे मागणे. वर्गात शंका विचारणे. नोकरीची मुलाखत देणे. प्रत्येकाची शिडी निराळी असते. तयार शिडी ॲपमध्ये नाही.

पायरी चढण्यापूर्वी रुग्ण 'अंदाज' या रकान्यात लिहितो : 'मी भाव विचारला की दुकानदार वैतागेल आणि सगळी गिऱ्हाइके माझ्याकडे पाहतील.' परत आल्यावर 'प्रत्यक्ष' या रकान्यात तो काय घडले ते नोंदवतो : 'दुकानदाराने मान वर न करता भाव सांगितला.' असे रकाने एकाखाली एक भरत जातात. कधी अंदाज खराही ठरतो, कोणी खरोखरच हसतो. तेव्हा ॲप विचारते, 'त्यानंतर काय झाले?' बहुतेक वेळा उत्तर असते की काहीच झाले नाही. हसू सहन होते, हाही एक धडाच आहे.

या आराखड्यात सर्वाधिक चर्चा झाली ती एका विसंगतीवर. सामाजिक भयाच्या रुग्णास आज चारचौघांत लपण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे मोबाईलच. प्रतीक्षागृहात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात तो फोनमध्ये डोके घालतो, म्हणजे कोणाकडे पाहावे लागत नाही. मग त्याच फोनवर उपचार ठेवला तर लपण्यास आणखी एक जागा आपणच करून देऊ काय? मानसोपचार विभागाने ही शंका प्रथम उपस्थित केली आणि पुढील सर्व निर्णय तिच्या अनुषंगाने झाले.

त्यानुसार प्रसंगाच्या वेळी ॲप कोणतीही मदत देत नाही. 'निघालो' हे बटण दाबताच पडद्यावर एकच ओळ येते : 'फोन खिशात ठेवा आणि समोरच्याकडे पाहा.' मग पडदा बंद होतो. नोंद करण्याची सोय काम आटोपल्यावरच. श्वासाचे व्यायाम ॲपमध्ये आहेत, पण ते घरी करावयाचे. ऐन प्रसंगी श्वास मोजत बसणे हाही बचावाचाच उपाय ठरू शकतो. झालेली नोंद त्या रात्री पुन्हा उघडता येत नाही, कारण उजळणीस खतपाणी घालावयाचे नाही. ती समुपदेशकाशी बोलताना दोघे मिळून वाचतात.

काय वगळले आणि का?

बाजारातील अनेक ॲपमध्ये गुण, पदके आणि सलग किती दिवस वापरले याची गणती असते. आम्ही ती ठेवली नाही. ज्याला आपले मूल्यमापन होण्याचीच धास्ती आहे, त्याला एक दिवस चुकताच 'तुमची साखळी तुटली' असा निरोप पाठविणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. रुग्णांचे परस्परांत गप्पा मारण्याचे दालनही तूर्त वगळले आहे. आपोआप उत्तरे देणारी संभाषण प्रणाली ठेवलेली नाही. रुग्णाला माणसांशी बोलण्याचा सराव हवा आहे.

आत्महत्येचे विचार मनात येत असल्याचे एखाद्या नोंदीतून दिसल्यास ॲप स्वतः सल्ला देण्याचा प्रयत्न करीत नाही. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाचा क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळकपणे दाखवून जवळच्या माणसाला ताबडतोब सांगण्याची सूचना ते करते. 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती निःशुल्क आहे व मराठीतूनही मिळते. आमच्या रुग्णांखेरीज इतरांनीही हा क्रमांक जवळ ठेवावा.

अनेक घरांत एकच फोन दोघे-तिघे वापरतात, हेही ध्यानात ठेवावे लागले. म्हणून ॲपच्या चिन्हावर आजाराचे नाव नाही, आठवणीच्या संदेशात केवळ 'आजचे काम' एवढेच शब्द येतात आणि उघडण्यास चार आकडी संकेतांक लागतो. जुन्या व स्वस्त फोनवर, इंटरनेट नसतानाही ॲप चालावे, अशी अट बांधणी करणाऱ्यांना घातली आहे.

नोंदींची गोपनीयता

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा मे २०१८ पासून अमलात असून रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याने दिलेला हक्क आहे. अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदाही केला. आम्ही सोपा मार्ग स्वीकारला : रुग्णाच्या नोंदी त्याच्या फोनमध्येच राहतील. त्याने स्वतः पाठविल्या तरच त्या विभागाकडे येतील आणि केसपेपरप्रमाणेच कुलुपात राहतील. जाहिराती नाहीत, माहितीची देवघेव नाही. फोन हरवला तर नोंदीही जातील, ही या पद्धतीची किंमत आहे व ती जाणूनबुजून पत्करली आहे. १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळताना पालकांची संमती घेण्याचे बंधन कायद्यात आहे. त्यामुळे आजार कुमारवयात सुरू होत असला तरी पहिली चाचणी १८ वर्षांवरील रुग्णांपुरतीच राहील. मुलांसाठी विभागातील प्रत्यक्ष उपचार पूर्ववत चालू आहेत.

माणूस हवाच

ॲप तयार झाले की समुपदेशकाची गरज संपेल, अशी काहींची समजूत आहे. अनुभव याच्या उलट आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील संशोधकांनी २००८ साली सामाजिक भयावरील एक संगणकीय अभ्यासक्रम दोन गटांना दिला. ज्यांना तज्ज्ञाची सोबत होती त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींनी तो पूर्ण केला. एकट्याने करणाऱ्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश शेवटपर्यंत पोहोचल्या. ब्रिटनच्या आरोग्य सेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरविणाऱ्या नाइस या संस्थेने २०१३ साली प्रथम पसंती तज्ज्ञासमवेतच्या वैयक्तिक उपचारास दिली. तो नको असलेल्या प्रौढांना स्वयंसाहाय्याचे पुस्तक सुचवितानाही, तीन ते चार महिन्यांत मिळून सुमारे ३ तास माणसाची सोबत असावी, असे सांगितले.

आमच्या दृष्टीने हे ३ तास महत्त्वाचे आहेत. तितक्या वेळात एक समुपदेशक एका रुग्णास जे देऊ शकतो, त्याची तयारी व सराव ॲपमुळे घरी होतो आणि त्याच्या उरलेल्या वेळात दुसऱ्या रुग्णास जागा मिळते. ॲपचा आर्थिक लाभ एवढाच आहे. त्याहून मोठा लाभ आम्ही सांगत नाही.

पैसा कोठे जातो?

ॲप बांधण्याचा खर्च एकदाच येतो, पण तेथे तो थांबत नाही. फोनच्या प्रणाली दरवर्षी बदलतात व त्यांबरोबर ॲपही दुरुस्त करावे लागते. क्ष-किरण यंत्राच्या देखभाल कराराप्रमाणेच ही तरतूद कायमची आहे. तरीही सर्वांत मोठी बाब राहते ती समुपदेशकाच्या वेतनाची. वॉर्डच्या दारावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. वेतनावर ती लावता येत नाही. त्यामुळे अशा कामास देणगी मिळविणे कठीण जाते, हे आम्ही जाणतो.

म्हणूनच विश्वस्त मंडळाने असे ठरविले आहे की, चाचणी विद्यमान कर्मचारी वर्गावर पार पडेल. परंतु समुपदेशकाच्या किमान ३ वर्षांच्या वेतनाची तरतूद झाल्याखेरीज ॲप सर्व रुग्णांच्या हाती द्यावयाचे नाही. रुग्णाला पहिल्या पायरीवर चढवून सोबतीला कोणी न ठेवणे, हे न चढविण्यापेक्षा वाईट. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. तो निधी गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी आहे. ॲपच्या बांधणीचा एक रुपयाही त्यात टाकलेला नाही.

यशाचे मोजमापही आधीच निश्चित केले आहे. किती जणांनी ॲप घेतले, दिवसाकाठी किती मिनिटे वापरले, हे आकडे अहवालात येणार नाहीत. मायकेल लिबोविट्झ यांनी १९८७ साली तयार केलेली मापनश्रेणी २४ प्रसंगांतील भीती आणि टाळाटाळ मोजते. उपचारांपूर्वी व नंतर तिच्यावरील गुणांत काय फरक पडला, ते पाहिले जाईल. रुग्णाने ॲप उघडणे हळूहळू सोडून दिले आणि तो दुकानात, वर्गात, कचेरीत जाऊ लागला, तर आम्ही ते ॲपचे यश समजू.

कुटुंबीयांस विनंती

या कामात घरच्या मंडळींचा वाटा मोठा आहे. मुलाच्या वतीने आपण फोन घेतो, हॉटेलात त्याच्यासाठी आपणच पदार्थ मागवतो, पाहुण्यांसमोर 'ती जरा लाजाळू आहे' असे सांगून मुलीची सुटका करतो. हे सारे मायेपोटीच घडते, पण त्यामुळे 'प्रत्यक्ष'चा रकाना कोरा राहतो. त्याच्या वतीने बोलू नका. त्याला वेळ द्या. चिडवू नका, आणि 'यात घाबरण्यासारखे काय आहे' असेही म्हणू नका. चारचौघांत एकदम पुढे ढकलू नका. पायरी त्याची त्यालाच निवडू द्या. डॉक्टरांनी औषधे दिली असतील तर ती परस्पर बंद करू नका. घरात असे कोणी असेल आणि बाह्यरुग्ण विभागात येण्यास धजत नसेल, तर प्रथम आपण एकटे या. मानसोपचार विभागातील समुपदेशक आपल्याशी बोलतील व पुढे कसे जावयाचे ते सांगतील.

चाचणीचे निष्कर्ष, ते अनुकूल असोत वा प्रतिकूल, पुढील वार्षिक अहवालात आपणांसमोर सादर करण्यात येतील.